तुमचा फॉन्ट कोणी काढला?

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरच्या आपल्या कचेऱ्यांना कळवलं, की यापुढे कागदपत्रं ‘कॅलिब्री’ फॉन्टमध्ये नकोत, पुन्हा ‘टाइम्स न्यू रोमन’मध्ये करा. जेमतेम तीन वर्षांपूर्वी, जानेवारी २०२३ मध्ये, आधीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी बरोबर उलट सांगितलं होतं: टाइम्स सोडा, कॅलिब्री धरा, वाचायला सोपं जातं. त्याआधी २०१७ मध्ये हाच कॅलिब्री पाकिस्तानात गाजला होता. नवाझ शरीफ यांच्या कुटुंबाने पनामा पेपर्स प्रकरणात दिलेल्या एका कागदावर तारीख होती फेब्रुवारी २००६ ची आणि अक्षर होतं कॅलिब्रीचं. तो फॉन्ट सर्वसामान्यांच्या हाती आला २००७ साली. तपास पथकाला शंका आली नसती तरच नवल.

या गदारोळात एक नाव मात्र फारसं कानावर आलं नाही: लुकास दे ग्रूट. हा डच माणूस बर्लिनमध्ये स्वतःचा छोटा स्टुडिओ चालवतो. या शतकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने त्याला काम दिलं आणि त्याने कॅलिब्री काढून दिला. प्रोग्रामर मंडळी रोज ज्यात डोळे घालून बसतात तो ‘कन्सोलास’ही त्याचाच. २००७ पासून पुढची सोळा वर्षं जगात कुणीही वर्डची कोरी फाइल उघडली, की समोर याच्या हातचं अक्षर.

फॉन्ट हे कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या यंत्रातून बाहेर पडतात असं आपल्याला उगाच वाटत असतं. प्रत्यक्षात त्यातले पुष्कळसे एकटीदुकटी माणसं काढतात, आणि अशी माणसं टिकणं आपल्या वाचण्या-लिहिण्याच्या सोयीचं आहे. कसं, ते पाहू.

आधी दोन शब्द

अक्षराचं रूप म्हणजे ‘अक्षरवळण’. ते रूप कॉम्प्युटरला वापरता यावं म्हणून बनवलेली फाइल म्हणजे ‘फॉन्ट’. गाण्याची चाल वेगळी आणि तिचं ध्वनिमुद्रण वेगळं, तसंच हे. रोजच्या बोलण्यात दोन्हींना फॉन्टच म्हणतात, आपणही म्हणू. फरक फक्त कायद्याचा विषय येईल तेव्हा लागेल.

फॉन्ट बनवून विकणाऱ्यांना ‘फाउंड्री’ म्हणतात. छपाईचे खिळे शिसं वितळवून ओतत, त्या काळातलं हे नाव. आज फाउंड्री म्हणजे बऱ्याचदा एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक किंवा दोन माणसं. भट्टी गेली, नाव राहिलं.

अक्षरं काढणं हे निम्मंच काम

सुंदर हस्ताक्षर असलेल्या माणसाला फॉन्ट बनवता येतोच असं नाही. कागदावर शब्द लिहिताना हात पुढचं अक्षर पाहून मागचं सावरतो. फॉन्टमधल्या अक्षराला ती सोय नाही. आपल्या शेजारी कोण येऊन बसणार हे त्याला माहीत नसतं, आणि कोणीही बसलं तरी ओळ बिघडू द्यायची नसते.

‘रवाना’ हा शब्द घ्या. र आणि व जरा जवळ आले की त्याचा ‘खाना’ होतो. याच घोळामुळे ख चे दोन भाग खाली जोडून काढायची पद्धत रुळली. आता र आणि व मध्ये नेमकं किती अंतर ठेवायचं? जास्त ठेवलं तर शब्द फाटतो, कमी ठेवलं तर दुसराच शब्द होतो. ग, ण, श या अक्षरांच्या पोटातच मोकळी जागा असते. ती जागा आणि दोन अक्षरांमधली जागा सारखी दिसली की डोळा अडखळतो. मग ट, ठ, ड, द ही गोल, काना नसलेली मंडळी. फूटपट्टीने सारखं अंतर ठेवलं तर ती भलतीच लांब बसल्यासारखी दिसतात. थोडक्यात, फॉन्ट काढणारा काळं जेवढं काढतो तेवढंच पांढरं मोजतो.

ऱ्हस्व वेलांटी हा आणखी एक छळ. तिची कमान अक्षराच्या दंडापर्यंत, म्हणजे उभ्या रेघेपर्यंत, पोचली पाहिजे. ‘रि’ साठी आखूड कमान पुरते, ‘णि’ ला लांब लागते, ‘स्त्रि’ किंवा ‘ष्टि’ ला त्याहून वेगळी. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच वेलांटीची अनेक रूपं काढलेली असतात आणि पुढचं अक्षर पाहून त्यातलं योग्य ते आपोआप निवडलं जातं. आळशी फॉन्टमध्ये एकच वेलांटी सगळीकडे चिकटवतात. ती कुठे तोकडी पडते, कुठे पुढे लोंबते. मग ठळक अक्षर. रेघा जाड केल्या की क्ष, ज्ञ, द्ध, ह्म यांच्या पोटातलं पांढरं बुजतं. ते वाचवायला प्रत्येक वळणातून थोडी थोडी जाडी अशी चोरावी लागते, की चोरी दिसता कामा नये.

जगातल्या लिपींच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’च्या तक्त्यात देवनागरीच्या मूळ विभागाला १२८ जागा आहेत, पण जोडाक्षरं आणि पर्यायी रूपं धरून एका बऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये सातशे-आठशे आकृत्या सहज होतात. बारीक, मध्यम, ठळक असे प्रकार केले तर तेच पुन्हा पुन्हा तपासायचं. मजकुरासाठी काढलेल्या चांगल्या फॉन्टला वर्ष-दोन वर्षं लागली तर त्यात नवल नाही.

मग हे फॉन्ट कोणाचे?

बाजारातल्या नावाजलेल्या फॉन्टांचा फार मोठा हिस्सा आज ‘मोनोटाइप’ या एका कंपनीकडे आहे. तिने २००० साली ‘आयटीसी’ घेतली, २००६ मध्ये लायनोटाइप, २०१२ मध्ये बिटस्ट्रीमचा फॉन्टचा धंदा आणि त्याबरोबर ‘मायफॉन्ट्स’ हा मोठा ऑनलाइन बाजार, २०१४ मध्ये फॉन्टशॉप, २०२० मध्ये यूआरडब्ल्यू आणि फॉन्टस्मिथ, २०२१ मध्ये ‘हफ्लर अँड कंपनी’, २०२३ मध्ये जपानची फॉन्टवर्क्स. मधल्या मध्ये, २०१९ साली, एका गुंतवणूक कंपनीने खुद्द मोनोटाइपच विकत घेतली. हेल्वेटिका, टाइम्स न्यू रोमन, ओबामांच्या २००८ च्या प्रचारातून घराघरांत पोचलेला गॉथम: एकेकाळी वेगवेगळ्या दुकानांतला हा माल आता एकाच दुकानात आहे.

यात बेकायदा काही नाही. कंपनी जुन्या फॉन्टांची देखभालही करते. पण एकाच दुकानात सगळं असलं की काय होतं, ते २०२५ च्या शेवटी जपानमध्ये दिसलं. फॉन्टवर्क्सचा व्हिडिओ गेमसाठीचा वार्षिक परवाना छोट्या गेम कंपन्यांना काही शे डॉलरांत मिळत असे. तो बंद झाला आणि समोर आलेला पर्याय वर्षाला वीस हजार डॉलरांच्या वर गेला, अशा बातम्या आल्या. इंग्रजी गेम असता तर लोकांनी दुसरा फॉन्ट लावला असता आणि विषय संपला असता. जपानी फॉन्टमध्ये हजारो चिन्हं असतात. तसा नवा फॉन्ट काढणं हे वर्षानुवर्षांचं काम, त्यामुळे पर्यायच मुळात मोजके. शिवाय गेमचा आख्खा पडदा त्या फॉन्टच्या मापाने आखलेला. फॉन्ट बदलायचा तर ओळी तुटतात, चौकटींतून अक्षरं बाहेर येतात आणि सगळं पुन्हा तपासावं लागतं.

लिपी जितकी किचकट, तितकी ती मोजक्या दुकानांवर जास्त अवलंबून. देवनागरी वापरणाऱ्यांनी हे वाक्य जरा सावकाश वाचावं.

एकट्यादुकट्यांनी आजवर काय दिलं?

पहिली गोष्ट, मोठ्या कंपन्यांच्या नावावर खपणारं अक्षर बऱ्याचदा लहानांनीच काढलेलं असतं. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने ‘व्हर्डाना’ आणि ‘जॉर्जिया’ दिले, ते काढले मॅथ्यू कार्टर यांनी. त्यांची ‘कार्टर अँड कोन’ ही कंपनी दोन भागीदारांची. त्या काळच्या पडद्यांवर ठिपके इतके मोठे, की कागदावरचं नाजूक अक्षर तिथे चुरगळून जाई. कार्टर यांनी कामाचा क्रमच उलटा केला. आधी ठिपक्यांचं अक्षर बसवलं, मग त्याभोवती रेघ काढली. व्हर्डानात मोठा आय, लहान एल आणि एकचा आकडा वेगवेगळे ओळखू येतात ते योगायोगाने नव्हे.

दुसरी, नव्या यंत्राला अक्षर कसं घालायचं हे आधी लहान मंडळी शोधतात. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला तेव्हा त्यावरच्या ओबडधोबड ठिपक्यांना बरेच जाणकार नाकं मुरडत होते. कॅलिफोर्नियातल्या झुझाना लिचको आणि रूडी व्हँडरलान्स या जोडप्याने ते ठिपकेच आपले मानले आणि ‘एमिग्रे’ नावाने फॉन्ट काढून विकायला सुरुवात केली. एक माणूस, एक कॉम्प्युटर आणि स्वतःची फाउंड्री ही कल्पनाच त्या सुमारास रुजली.

तिसरी माझ्या विशेष आवडीची. १९९० च्या आसपास एरिक व्हान ब्लोकलांड आणि यूस्ट व्हान रॉसुम या दोन डच तरुणांनी ‘बेओवुल्फ’ नावाचा फॉन्ट केला. त्यातलं अक्षर दर वेळी छापताना आपोआप थोडं वेगळं होई. निव्वळ खोडी! पण अक्षर हा एक प्रोग्रामही असू शकतो, हे त्या खोडीतून दिसलं. (यूस्टचा भाऊ खिडो म्हणजे ‘पायथन’ या प्रोग्रामिंगच्या भाषेचा जनक. घराण्यातच काहीतरी असावं.) पुढे यूस्टने फॉन्ट फाइली उघडण्या-जोडण्याचं एक मुक्त साधन पायथनमध्ये लिहिलं. ‘फॉन्टटूल्स’ नावाचं ते साधन आज बड्या कंपन्यांच्या कामातही असतं. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २३ डिजिटल फॉन्ट आपल्या संग्रहात घेतले, त्यात बेओवुल्फ आहे आणि व्हर्डानाही.

आणि चौथी, हिशेबात न बसणाऱ्या लिपी. गिनीतल्या इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी या दोन भावांनी १९८९ मध्ये, शाळकरी वयात, आपल्या फुला भाषेसाठी ‘अदलाम’ ही लिपी तयार केली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली २०१६ साली. पण युनिकोडमध्ये जागा मिळणं म्हणजे नुसता क्रमांक मिळणं. त्या क्रमांकाला रूप द्यायला कुणीतरी अक्षर काढावं लागतं. अदलाम आणि आफ्रिकेतल्या इतर लिपींवर सातत्याने काम केलं ते मार्क जम्रा आणि नील पटेल या दोघांच्या ‘जम्रापटेल’ स्टुडिओने. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यांचं काम घेतलं. हा क्रम नीट पाहा: आधी दोघांचा हट्ट, मग कंपनीचा पैसा.

देवनागरीतही हेच चित्र आहे. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा र. कृ. जोशींच्या अक्षरविचारातून आला. आज फुकट मिळणारे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे ‘एक टाइप’ या छोट्या गटाचे. ‘पॉपिन्स’ आणि ‘कोहिनूर देवनागरी’ हे २००९ मध्ये सुरू झालेल्या इंडियन टाइप फाउंड्रीचे.

‘पण फॉन्ट तर फुकट मिळतात की!’

मिळतात, आणि त्यात वाईट काही नाही. गूगल फॉन्ट्स २०१० पासून शेकडो फॉन्ट मोफत देतं, त्यातले बरेच उत्तम आहेत. फुकट म्हणजे सुमार हे समीकरण कधीच मोडीत निघालं.

पण फुकट कोणाला? वापरणाऱ्याला. काढणाऱ्याला बऱ्याचदा कुणीतरी एकदाच पैसे दिलेले असतात. ते देणारा कोणत्या लिपीला, कोणत्या वर्षी, किती द्यायचे हे आपल्या सोयीने ठरवतो. विहीर खणून दिली तर पाणी फुकट. पण पुढे गाळ कोण काढणार, हा प्रश्न उरतोच.

मराठीपुरतं सांगायचं तर हा गाळ अगदी ओळखीचा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, आणि तो सगळा र च्या एका आडव्या वळणावर उभा आहे. फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये हे वळण तुटतं, किंवा र खाली नुक्ता (टिंब) आणि पाय मोडल्याची खूण घेऊन उभा राहतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे. चांगला फॉन्ट मजकुराची भाषा मराठी असल्याचं कळल्यावर ती रूपं आपोआप लावतो. कित्येक फॉन्टांत ती काढलेलीच नसतात. ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीच्या फॉन्टांत तिथे रिकामा चौकोन दिसतो. अशी चूक मोठ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये सापडली तर तक्रार एका रांगेत जाऊन बसते. ज्याने स्वतः काढलंय त्याला कळवलं, तर त्याला आधी लाज वाटते आणि मग तो ती सुधारतो. ही लाज मला फार मोलाची वाटते.

‘आहेत तेवढे पुरे नाहीत का?’

रोमन लिपीपुरतं विचाराल, तर या शंकेत तथ्य आहे. हेल्वेटिकासारखा दिसणारा आणखी एक फॉन्ट आला नाही तर कुणाचं काही अडणार नाही. लहान डिझायनरसुद्धा अशी नक्कल भरपूर करतात, ते झाकायचं कारण नाही. लहान असणं हा काही गुण नव्हे.

पण वाचायची जागा बदलत राहते. ठिपक्यांचा पडदा गेला, तळहातावरचा आला, मनगटावरचा आला, गाडीच्या काचेआतला आला. धावती नजर टाकून वाचायचं अक्षर वेगळं आणि तासभर बसून वाचायचं वेगळं. अंधुक दिसणाऱ्याला, नुकतं वाचायला शिकणाऱ्याला काय लागतं, हे अजून पुरतं उमगलेलं नाही. आणि रोमन सोडून इतर लिपींत तर ‘पुरे’ हा शब्दच लांब आहे. पुस्तकाच्या मजकुराला शोभतील, ठळक, तिरपे आणि आकडे अशा सगळ्या प्रकारांत मिळतील, असे देवनागरी फॉन्ट मोजायला बसलात तर यादी लवकर संपते.

‘हे काम आता एआय करेल’

अक्षराचं चित्र तर ते आताच काढतं. पण वरचा वेलांटीचा परिच्छेद आठवा. एक देखणा ‘क’ आणि एकमेकांशी जमवून घेणाऱ्या आठशे आकृत्या यांत फार अंतर आहे. ते अंतर कमी होत जाईल हेही खरं. कंटाळवाणी तपासणी यंत्राने केली तर आनंदच आहे. फॉन्ट काढणारे स्वयंचलनाला कधीच घाबरले नाहीत, त्यांची हत्यारं त्यांनीच लिहिली. प्रश्न एवढाच, की यंत्र शिकणार आधीच्या फॉन्टांवरून. ज्या लिपीत चांगले नमुने दहा-बारा आहेत, तिथे ते कुणाकडून शिकणार?

परवान्याची भानगड

‘फॉन्ट विकत घेतला’ असं आपण म्हणतो, पण घेतो ती फक्त वापरायची मुभा. घर भाड्याने घेतल्यासारखं: राहायला परवानगी, पण पोटभाडेकरू ठेवायचा तर वेगळं बोलणं. कॉम्प्युटरवर वापरायला एक परवाना, वेबसाइटवर दुसरा, ॲपमध्ये घालायला तिसरा. छोट्या फाउंड्रीचा परवाना साधारणपणे लहान आणि वाचण्याजोगा असतो. शंका आली तर लिहून विचारता येतं, आणि उत्तर बहुधा फॉन्ट काढणाऱ्याकडूनच येतं.

आता सुरुवातीचा फरक कामी येतो. अमेरिकेत १९७८ च्या एका निकालापासून अक्षरवळणाला, म्हणजे रूपाला, कॉपीराइट नाही. फॉन्टच्या फाइलला मात्र प्रोग्राम म्हणून संरक्षण मिळतं. चाल उचलली तर चालेल, ध्वनिमुद्रण चोरू नका, असा हा प्रकार. त्यामुळे हुबेहूब अक्षर नव्याने काढून विकणाऱ्याला कायद्याने अडवणं कठीण. मोठ्यांकडे निदान वकील आणि ट्रेडमार्क असतात. एकट्याकडे असतं ते नाव आणि गिऱ्हाइकाचा प्रामाणिकपणा. मोठ्या ऑनलाइन बाजारात माल ठेवला तर जवळपास निम्मे पैसे बाजाराकडे जातात, ते वेगळंच. म्हणून काहींनी आपली वाट काढली: २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉन्टस्टँड’वर छोट्या फाउंड्र्यांचे फॉन्ट महिन्याच्या भाड्याने मिळतात, २०१८ च्या ‘फ्यूचर फॉन्ट्स’वर अर्धवट झालेला फॉन्ट स्वस्तात घ्यायचा आणि तो पूर्ण होत जाईल तशा पुढच्या आवृत्त्या मिळत राहतात.

आपल्याकडचा फॉन्ट तपासायचा तर

आपण नेहमी वापरतो त्या फॉन्टमध्ये ही ओळ टाइप करा: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या स्त्रियांनी कुऱ्हाडी रवाना केल्या, ॲड. शिल्पा हसल्या.’ ऱ्या आणि ऱ्हा कसे येतात ते पाहा. ‘स्त्रि’वरची वेलांटी दंडापर्यंत पोचते का, ‘रवाना’चा ‘खाना’ तर होत नाही ना, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, ॲ उमटतो की चौकोन? मग फॉन्टची माहिती उघडा. बहुतेक फाइलींत काढणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, पुष्कळदा पत्ताही. ओळीत काही तुटलं असेल तर पडद्याचा फोटो काढून त्या पत्त्यावर पाठवा. फॉन्ट मुक्त असेल तर चुका नोंदवायचं पानही सापडतं. आणि काहीच तुटलं नसेल, तर तेही दोन ओळींत कळवायला हरकत नाही. तशी पत्रं त्यांना क्वचितच येतात.